शास्त्रज्ञ : तो की ती?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या या समारंभाला आपण मला बोलावलेत, याबद्दल मी मंडळाची मनापासून आभारी आहे. मी काही मुरलेली वक्ती नव्हे. मुलुंडच्या एका शाळेत एकतीस वर्षे विज्ञान शिकवले, तेवढीच काय ती माझी बोलण्याची तालीम. तेव्हा माझे बोलणे थोडे शाळेतल्यासारखे वाटले तर ते आपण गोड मानून घ्यावे.

विषय मीच सुचवला. शाळेत असताना मी आठवीच्या वर्गाला दरवर्षी एक सोपे वाक्य पुरे करायला देत असे : ‘शास्त्रज्ञ सकाळी लवकर प्रयोगशाळेत...’ पुढचे क्रियापद मुलांनी घालायचे. मराठीत क्रियापद आले की लिंग आपोआप उघडे पडते. वहीमागून वही तपासावी तर सगळीकडे ‘गेला’. मुलांच्या वहीत ‘गेला’ आणि मुलींच्याही वहीत ‘गेला’! समोर फळ्यापाशी विज्ञान शिकवणारी बाई उभी आहे, तरी शास्त्रज्ञ म्हणून डोळ्यांपुढे येतो तो पुरुषच. ‘शास्त्रज्ञ’ हा शब्द स्वतः तक्रार करीत नाही. ‘ती शास्त्रज्ञ’ म्हटले तरी व्याकरण मुळीच मोडत नाही. मग मोडते ते काय? आज मला त्याविषयीच चार शब्द बोलायचे आहेत.

हे आपल्याकडेच घडते असे समजू नका. १९६६ ते १९७७ या काळात डेव्हिड चेंबर्स नावाच्या संशोधकाने सुमारे चार हजार आठशे लहान मुलांना शास्त्रज्ञाचे चित्र काढायला सांगितले होते. ही मुले मुख्यतः कॅनडा आणि अमेरिकेतली. एवढ्या चित्रांत बाईचे चित्र किती असावे? फक्त अठ्ठावीस! आणि ती सगळी मुलींनी काढलेली. एकाही मुलाच्या हातून शास्त्रज्ञ बाई उतरली नाही. त्यानंतर अशी चाचणी पुष्कळदा झाली, आणि २०१८ साली त्यांपैकी पुष्कळ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडण्यात आला. परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, ही आनंदाची गोष्ट. परंतु त्या हिशेबातली एक गोष्ट मनाला लागून राहते. सहा वर्षांच्या मुली शास्त्रज्ञ काढतात तेव्हा सुमारे सत्तर टक्के वेळा बाईच काढतात. त्याच वयाच्या पुढे जाऊन सोळाव्या वर्षी पाहावे तर ते प्रमाण पंचवीस टक्क्यांवर येते. म्हणजे मुलगी जन्माला येताना ही समजूत घेऊन येत नाही. सहाव्या आणि सोळाव्या वर्षांच्या मधल्या काळात कोणीतरी ती तिला देते. ती वर्षे मुलगी कोठे असते? शाळेत आणि आपल्या घरात.

आता कोणी म्हणेल, ‘बाई, समजूत काहीही असो, निसर्गानेच स्त्री-पुरुषांची बुद्धी निराळी घडवली असेल तर?’ प्रश्न रास्त आहे, आणि शास्त्राच्या नावाने त्याचे उत्तर पूर्वी पुष्कळांनी दिलेलेही आहे. गेल्याच्या मागल्या शतकात पॉल ब्रोका हा फ्रान्समधील नामांकित वैद्य मेंदूंची वजने करीत असे. स्त्रीच्या मेंदूचे वजन सरासरीने कमी भरते, तेव्हा तिची बुद्धीही कमी, असा निष्कर्ष त्या काळच्या विद्वानांनी काढला. स्त्रीचे शरीरच मुळात लहान असते, त्या मानाने मेंदूही लहान असणार, ही साधी गोष्ट त्यांनी पुरती जमेला धरली नाही. नुसत्या वजनावर शहाणपण ठरायचे असेल तर हत्तीचा मेंदू चार-पाच किलोंचा असतो. त्यालाच विद्यापीठाचे कुलगुरू करावे लागेल!

अशाच मोजमापाच्या राज्यात आपली एक मराठी मुलगी जाऊन पोहोचली होती. तिचे नाव इरावती कर्वे. ‘युगान्त’मुळे आपण सर्वजणी त्यांना ओळखतो, पण त्या आधी कवट्या मोजणाऱ्या शास्त्रज्ञ होत्या हे पुष्कळजणींना ठाऊक नसते. त्यांचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातील मिंज्यान गावचा. महर्षी कर्व्यांच्या त्या सून. त्यांचे यजमान दिनकर धोंडो कर्वे हे स्वतः जर्मनीत शिकून आलेले रसायनशास्त्राचे प्राध्यापक. इरावतीबाईंनी बर्लिनला जायचे ठरवले, तेव्हा नवऱ्याचा पाठिंबा होता, पण सासऱ्यांच्या मनात मात्र ते नव्हते. स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणाऱ्या महापुरुषालाही सुनेने परदेशी जाऊन संशोधन करावे हे सहज पटले नाही. मी हे त्यांना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. रूढीची मुळे किती खोल जातात, एवढेच यावरून दिसते.

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगन फिशर. कवटीची उजवी आणि डावी बाजू अगदी सारखी नसते, हे आपणांस माहीत असेल. फिशरसाहेबांचे अनुमान असे की, गोऱ्या युरोपियनांच्या कवटीत ही असमानता निराळी असते, आणि त्यावरून त्यांची तर्कबुद्धी इतर वंशांपेक्षा श्रेष्ठ ठरते. ते सिद्ध करण्याचे काम त्यांनी या विशीतल्या हिंदी मुलीकडे दिले. तिने निरनिराळ्या वंशांच्या कवट्या घेतल्या, एकेक मोजली, आकडे मांडले, आणि निष्कर्ष लिहिला की या असमानतेचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. भगिनींनो, ज्या गुरूच्या सहीवर आपली पदवी अवलंबून, त्या गुरूचेच अनुमान चुकीचे आहे असे लिहायला केवढे धैर्य लागत असेल! १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे काही वर्षांतच अशा वंशश्रेष्ठत्वाच्या शास्त्राने जर्मनीत काय अनर्थ केला, तो सर्व जगाने पाहिला.

यातून घ्यायचे ते असे. अमका वंश हलका, तमकी जात मंद, बाईची अक्कल चुलीपुरती, असली विधाने शास्त्राचा अंगरखा घालून आली तरी त्यांना भिऊ नये. प्रामाणिकपणे मोजायला बसले की ती गळून पडतात. आणि मोजायला कोण बसते, यावरही थोडे अवलंबून असते. ज्याला उत्तर सोयीचे आहे तो एकदा मोजून थांबतो. जिला ते जाचते ती पुन्हा मोजून पाहते. म्हणून प्रयोगशाळेत सर्व प्रकारची माणसे असावी लागतात. स्त्रियांवर उपकार म्हणून त्यांना आत घ्यावे असा याचा अर्थ नाही. त्या आत नसतील तर शास्त्राचाच हिशेब अपुरा राहतो.

आता मी दुसऱ्या एका मुलीची गोष्ट सांगते. हिची धाकटेपणाची बाजू अशी की, हिची थोरली बहीण आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून निर्भयपणे बोलणाऱ्या दुर्गाबाई भागवत. त्यांची ही धाकटी बहीण कमला. जन्म १९११ सालचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. म्हणजे घरात चहाबरोबर रसायनशास्त्र! कमला १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झाली ती गुणवत्ता यादीत पहिली येऊन. वडील आणि काका जिथे शिकले त्याच संस्थेत संशोधनासाठी अर्ज करायचा हे तिच्या दृष्टीने ठरलेलेच होते.

संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवलेले, अवघ्या देशाचे भूषण. त्यांनी अर्ज नाकारला. कारण? गुण कमी म्हणून नाही, जागा नाही म्हणून नाही. बायकांच्या हातून संशोधन व्हायचे नाही, एवढेच कारण. एखादी मुलगी रडून गप्प बसली असती. कमला थेट बंगलोरला गेली, आणि आपल्याला नकार का, ते सांगा, असे विचारून तिथे ठाण मांडण्याची तयारी तिने दाखवली. गांधीजींच्या सत्याग्रहाचे ते दिवस होते. अखेर रामन यांनी तिला घेतले, पण अटी घालून. अटी तीन होत्या. पहिले वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, काम पसंत पडले तरच पुढचा विचार. दुसरी, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम केले पाहिजे. आणि तिसरी, तिच्या असण्याने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये.

या तीन अटींपाशी आपण थोडे थांबू. दुसरी अट कोणत्याही संशोधकाला लागू होईल, ती सोडून देऊ. पहिल्या अटीचा अर्थ असा की, मुलगा आत येतो तो लायक समजून आणि मुलगी येते ती संशयित समजून. त्याने चूक केली तर तो चुकतो. तिने चूक केली तर साऱ्या बायका चुकतात. आणि तिसरी अट? वातावरण बिघडू नये याची जबाबदारी कोणावर, तर जिच्या येण्याने इतरांची चित्ते चळतील तिच्यावर. चळणाऱ्या चित्तांवर मात्र काही अट नाही. हा न्याय आपल्याला नवा आहे का? ‘तू खाली मान घालून जा’ हे आपण मुलीलाच सांगत आलो आहोत.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, कारण त्यांना काम करायचे होते. श्रीनिवासय्या नावाचे कडक शिस्तीचे पण मनाचे मोठे मार्गदर्शक त्यांना लाभले. दूध, डाळी, कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले होते. इतकेच नव्हे, पुढे संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. १९३६ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या एम. एस्सी. झाल्या, आणि तिथून गेल्या केंब्रिजला. तिथे त्यांनी बटाट्यावर काम केले. आपल्या स्वयंपाकघरातला साधा बटाटा! पेशीच्या श्वसनात भाग घेणारे सायटोक्रोम सी नावाचे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी दाखवून दिले. अवघ्या चौदा महिन्यांत काम उरकून सुमारे चाळीस पानांचा प्रबंध त्यांनी दिला, आणि १९३९ साली त्या केंब्रिजच्या पीएच. डी. झाल्या. चाळीस पाने! जिथे सांगण्यासारखे असते तिथे पाने कमी लागतात, हे आम्हां भाषण करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे.

सर रामन यांच्या थोरवीला यामुळे बाध येत नाही. दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण त्यांच्या शोधाचा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो, तो पाळलाच पाहिजे. परंतु त्या दिवशी मुलांना ही गोष्टही सांगितली पाहिजे. प्रकाशकिरणांचे एवढे सूक्ष्म निरीक्षण करणाऱ्या दृष्टीलाही समोर उभ्या असलेल्या मुलीची बुद्धी आधी दिसली नाही. मग आपल्यासारख्यांच्या दृष्टीचे काय सांगावे?

रामन यांच्या प्रयोगशाळेत पुढे ज्या मुली आल्या त्यांत त्रावणकोरच्या अण्णा मणी होत्या. हिरे आणि माणके यांतून जाणाऱ्या प्रकाशावर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. प्रबंध लिहून दिला. पण त्यांच्याकडे एम. एस्सी.ची पदवी नाही, या कारणाने मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. दिली नाही. त्या खचल्या नाहीत. १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या, आणि पाऊस, वारा, ऊन मोजण्याची उपकरणे भारतातच तयार व्हावीत म्हणून सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित केले. पुढे त्या खात्याच्या उपमहासंचालक होऊन १९७६ साली निवृत्त झाल्या. जुलैच्या पावसात आपण घरात बसून ‘आज किती इंच पडला’ म्हणतो, तेव्हा हे मोजमाप नीट व्हावे म्हणून खपलेल्या या बाईची आठवण ठेवावी.

पुन्हा कमलाबाईंकडे वळू, कारण त्यांचे पुढचे काम आपल्या दारापर्यंत येते. १९४७ साली माधवराव सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि त्या मुंबईला आल्या. फोर्टमधील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या, पुढे तिच्या संचालकही झाल्या. तिथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरा, कडधान्ये, धान यांवर काम केले. गरिबाच्या ताटात पोषण कसे पडेल, हा त्यांचा ध्यास. नीरेवरील कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. आपल्या गोरेगावची आरे कॉलनी १९४९ साली वसली. त्या दुग्धप्रकल्पालाही कमलाबाईंचा सल्ला होता. उपनगरांतल्या आपल्या कितीतरी घरांत आरेचे दूध बाटल्यांतून येत असे. त्यामागे एका बाईची विद्या उभी होती हे कोणाला ठाऊक होते?

आणि आपले वाल! कच्च्या कडधान्यांत एक गंमत असते. प्रथिने पचवणारा ट्रिप्सिन नावाचा जो पाचक रस आपल्या पोटात असतो, त्याला अडवणारी द्रव्ये त्यांत असतात. कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी यांनी वालासकट निरनिराळ्या कडधान्यांतील अशा द्रव्यांचा बारकाईने अभ्यास केला. शिजवल्याने त्या द्रव्यांचे बळ बरेचसे नाहीसे होते. आपल्या आज्या वाल भिजत घालून, मोड आणून, सोलून, चांगले शिजवून डाळिंब्यांची उसळ करीत. तिचे शास्त्र त्यांना लिहिता आले नाही, कारण त्यांना लिहायलाच कोणी शिकवले नव्हते. पाहणे, करून बघणे, चुकले तर बदलणे आणि पुढचीला सांगणे हे त्यांना पुरते येत होते. विज्ञानाची सुरुवात याहून निराळी काय असते? म्हणून ‘बाईची अक्कल चुलीपुरती’ असे कोणी म्हणाले तर रागावू नका. त्याला सांगा, चुलीपाशी जे चालते ते समजायला केंब्रिजची पीएच. डी. लागली!

१९६६ साली मुंबईतल्या नऊ स्त्रियांनी मिळून ग्राहकांसाठी एक संस्था काढली, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. भेसळ, खोटे वजन, फसव्या जाहिराती यांविरुद्ध तिने पुष्कळ काम केले. कमलाबाई तिच्या कामात हिरिरीने उतरल्या, १९८२-८३ साली अध्यक्ष झाल्या, आणि संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात लिहीत राहिल्या. प्रयोगशाळेतली बाई आणि पिशवी घेऊन बाजारात जाणारी बाई या दोघी एकच असू शकतात, हे त्यांनी जगून दाखवले. १९९८ साली त्या वारल्या.

‘अहो, हे सगळे जुने झाले,’ असे तुम्ही म्हणाल. खरेच का? अटी आता लिहून देत नाहीत एवढेच. मी १९७४ साली बी. एस्सी. झाले. पुढे संशोधन करायची इच्छा होती. एके ठिकाणी मुलाखतीला गेले, तर माझ्या गुणपत्रिकेवर दोन प्रश्न झाले आणि लग्नावर पाच. ‘ठरले आहे का? ठरले तर सोडणार का? उशीर झाला तर मुलुंडपर्यंत एकटी जाणार कशी?’ माझ्याबरोबर आलेल्या मुलाला यातला एकही प्रश्न नव्हता. तो ठाण्याला, माझ्याही पुढच्या स्टेशनाला उतरणारा. मी बी. एड. केले आणि शाळेत गेले. शाळेने मला पुष्कळ दिले, त्याबद्दल खंत नाही. पण ते प्रश्न आजही विसरलेले नाही.

शाळेतही मी एक पाहिले. प्रात्यक्षिकाला मुले-मुली मिळून चौघांचा गट असे. बर्नर कोण पेटवी? मुलगा. तराजू, भिंग, तारा कोणाच्या हातात? मुलाच्या. आणि मुली? सुवाच्य अक्षरात नोंदी लिहीत. ‘तुझे अक्षर छान, तू लिही’ हे वरकरणी कौतुक. पण वर्षभर असे चालले की मुलाचा हात उपकरणावर बसतो आणि मुलीचा वहीवर. मग दहावीला मुलीला नव्वद गुण पडले तरी ती म्हणते, ‘बाई, मला प्रॅक्टिकलची भीती वाटते.’ भीती कोठून आली? निसर्गातून खास नव्हे. मी नियमच केला की दर आठवड्याला कामे फिरतील, लिहिणारा पेटवील आणि पेटवणारी लिहील. पहिले काही दिवस मुलींनी काचनळ्या फोडल्या. मुलांनीही त्यांच्या पहिल्या दिवसांत तितक्याच फोडल्या होत्या, पण तेव्हा कोणी मोजल्या नव्हत्या. दिवाळीपर्यंत दोघांचे हात सारखे चालू लागले.

याला हल्ली मराठीत ‘लिंगभाव’ असा शब्द आला आहे. शब्द जड आहे, पण अर्थ आपल्या रोजच्या पाहण्यातला. शरीराने आपण जे असतो ते निराळे, आणि त्या शरीरावरून समाज आपल्याला जे नेमून देतो ते निराळे. मूल पोटात वाढवणे हे शरीराचे काम. रात्री उठून त्याला दूध गरम करून देणे हे कोणाचेही काम होऊ शकते, ते बाईचेच ठरवतो तो आपला रिवाज. शरीरशास्त्र तर आज असेही सांगते की, देहाची घडण गुणसूत्रे, अंतःस्राव आणि इतर पुष्कळ गोष्टींनी होते, आणि प्रत्येक माणूस स्त्री किंवा पुरुष या दोन कप्प्यांत बिनचूक बसतोच असे नाही. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क मान्य केला. लोकलच्या डब्यात टाळी वाजवणाऱ्या त्या माणसांकडे पाहून आपण पदर सावरून बसतो. त्यांच्यापैकी एखादीला किंवा एखाद्याला भिंगातून पाहण्याची हौस असेल, हा विचार आपल्या मनात येतो का? देहावरून बुद्धीचे दार बंद करायचे नाही हा न्याय एकदा मानला, की तो सर्वांना लावावा लागतो.

काळ बदलतो आहे हेही सांगायला हवे, नाहीतर माझे बोलणे एकांगी होईल. पुण्यात १९५२ साली जन्मलेल्या रोहिणी गोडबोले आपल्या पवईच्या आय. आय. टी.तून एम. एस्सी. झाल्या, मूलकणांच्या शास्त्रात जगभर नावाजल्या, आणि ज्या बंगलोरच्या संस्थेने १९३३ साली कमलाबाईंचा अर्ज परत केला होता, त्याच संस्थेत प्राध्यापक झाल्या. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भारतातील शास्त्रज्ञ स्त्रियांनी आपापल्या वाटचालीविषयी लिहिलेला ‘लीलावतीज् डॉटर्स’ हा ग्रंथ त्यांनी राम रामस्वामी यांच्यासह संपादित केला. तो २००८ साली निघाला. २०२४ साली रोहिणीताई गेल्या. आय. आय. टी.मध्ये मुली फार थोड्या म्हणून २०१८ सालापासून त्यांच्यासाठी वाढीव जागा ठेवण्यात आल्या. प्रमाण आधी चौदा आणि मग वीस टक्क्यांवर नेण्याचे ठरले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघे मिळून भाजी निवडताना दाखवले, तेव्हा पुष्कळांनी थट्टा केली. मला मात्र ते चित्र फार मोलाचे वाटले. बाबा भाजी निवडू लागले, तरच आईला प्रयोगशाळेतून सात वाजता निघता येईल.

हे नुसते बोलण्यापुरते नव्हे. १९७३ साली मुंबईतील शास्त्रज्ञ स्त्रियांनी इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन ही आपली संस्था स्थापन केली. तिचे मुख्यालय वाशीला आहे. या विदुषींनी तिथे काय उभारले? नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह आणि लहान मुलांसाठी पाळणाघर. केवढा व्यवहारी शहाणपणा! बाईची वाट कोठे अडते हे त्यांना अनुभवाने कळले होते. सूत्र येत नाही म्हणून ती अडत नाही. बाळाला कोठे ठेवू, या प्रश्नापाशी अडते.

म्हणून भगिनींनो, आपल्या मंडळाने काय करावे हे सांगून मी संपवते. हळदीकुंकू, भोंडला, पाककृतींच्या स्पर्धा हे सर्व चालू राहू द्या, मलाही ते आवडते. त्यात थोडी भर घालू या.

पहिली गोष्ट. दरवर्षी दहावीचा निकाल लागला की आपल्या इमारतींतून मुलींचे पुढचे ठरते. ‘सायन्स घेतलेस तर क्लासला रात्र होईल’, ‘खर्च भावावर करायचा आहे’, ‘पुढे लग्नाला उशीर’, ही वाक्ये आपल्याच स्वयंपाकघरांतून निघतात. रामन यांच्या तीन अटींना आपण हसलो. आपल्या अटी कागदावर मांडल्या तर तिनाहून कमी भरणार नाहीत. मुलीला विज्ञान नको असेल तर तिने खुशाल दुसरे काही घ्यावे, तिची आवड तिची. परंतु नको म्हणणारी ती स्वतः असावी, अटी घालणारे आपण नसावे.

दुसरी गोष्ट. घरातला फ्यूज गेला, मिक्सर बिघडला, तर मुलाला हाक मारता तशी मुलीलाही मारा. मुख्य बटण बंद करून पेचकस तिच्या हातात द्या. आणि पोळ्या लाटायला मुलालाही बसवा. तोही एक प्रयोगच आहे, आणि त्यात भूगोलही थोडा येतो.

तिसरी गोष्ट. मंडळाची ही खोली दुपारी चार ते सात रिकामी असते. तिथे मुलींना अभ्यासाला बसू द्यावे. आणि आपल्यातल्या ज्यांचे गुडघे धड आहेत अशा आजीबाईंनी आठवड्यातून दोन दिवस नोकरदार सुनांची मुले सांभाळावी. वाशीला ते मोठ्या प्रमाणावर झाले. आपण चार मुलांपासून सुरुवात करू. माझे गुडघे अजून बरे आहेत, मंगळवार आणि शुक्रवार मी आपले नाव देते. वही चिटणीसबाईंकडे आहे.

आपल्यातल्या कोणाच्या तरी नातीच्या हातून उद्या एखादा मोठा शोध लागेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. शोध लागणे हे थोडे कष्टांवर आणि थोडे दैवावर असते. पण ती दारापर्यंत पोहोचेल की नाही हे दैवावर नाही, ते आपल्यावर आहे. मंडळाच्या पुढच्या वर्धापनदिनाला या व्यासपीठावर तिच्यापैकी एखादी उभी राहून आपल्या कामाविषयी बोलो, आणि मी खाली सतरंजीवर बसून ते ऐको, एवढी इच्छा व्यक्त करते.